गांडूळखताच्या डब्यातल्या या चुका टाळा

गांडुळं उपाशी मेल्याचं क्वचितच ऐकू येतं. अति खाऊ घालून मात्र घरचे डबे सर्रास बसतात. नवा डबा आला की पहिल्या दिवसापासून घरातला सगळा ओला कचरा त्यात जायला लागतो. एक किलो गांडुळं नीट रुळल्यावर दिवसाला साधारण अर्धा किलो कचरा संपवतात. सुरुवातीला त्याच्या निम्माही पुरे. जास्त झालेला कचरा आधी तापतो, मग तळाशी हवा पोचेनाशी होते आणि वास सुटतो. चांगल्या डब्याला ओल्या मातीचा वास येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर आठवडाभर काही घालू नका. थर हलक्या हाताने सैल करा आणि वर्तमानपत्राचे कोरडे कपटे किंवा नारळाचा काथ्या मिसळा. हातानेच, खुरप्याने नको. तुटलेल्या गांडुळाची दोन गांडुळं होतात हा समज भलताच चिवट आहे, पण खोटा.

पाण्याचंही तसंच. कलिंगड, काकडी, दुधीच्या सालींत मुळातच भरपूर पाणी असतं, तरी वर रोज तांब्या ओतला जातो. मूठभर मिश्रण घट्ट दाबून पाहा. एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त. अगदी कोरड्या डब्यात मुंग्यांचं फावतं. पूर्वी दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तसे डब्याखालच्या स्टँडचे ठेवा. मुंग्यांची पावडर अजिबात नको, गांडुळंही मरतील.

फोडणीची उरलेली भाजी, लोणचं, मटणाची हाडं बाहेरच. लिंबू-मोसंबीची सालं आणि कांदा-लसूण अगदी थोडं. चहाचा चोथा चालतो, पण साखर धुऊन टाका, नाहीतर चिलटं आलीच. गणपतीतलं निर्माल्य जरूर घाला. दोरे आणि प्लास्टिक काढून. ताजं शेण मात्र तापतं, ते दहा-पंधरा दिवस जुनं झाल्यावर वापरा.

बागेत खणून काढलेली गांडुळं बहुधा डब्यात टिकत नाहीत. त्यांना माती लागते. कचरा खाणारी ‘आयसेनिया फेटिडा’ किंवा ‘युड्रिलस युजेनी’ जातीची मागा. नवी गांडुळं पहिल्या एक-दोन रात्री झाकणावर चढतात. वर दिवा चालू ठेवला की उजेड टाळायला खाली जातात. जुन्या डब्यातली चढू लागली, तर आत काहीतरी बिनसलंय.

एप्रिल-मेमध्ये डबा गच्चीच्या उन्हात असेल, तर बाकी सगळं सांभाळून उपयोग नाही. मिश्रण 35 अंशांच्या पुढे तापू देऊ नका. सावली द्या, वर ओलं गोणपाट टाका.

आणि तळाशी गळणारं काळं पाणी म्हणजे वर्मीवॉश, म्हणजे गांडुळांच्या डब्यातून मुद्दाम तयार केलेलं पातळ खत, नव्हे. ते साचतंय म्हणजे डबा अति ओला आहे. वास मारत असेल, तर कुंड्यांत घालू नका.