पोर्टवर लाली नाही म्हणून निर्धास्त राहू नका! केमो पोर्टच्या बाबतीत या चुका टाळा

केमोच्या डे-केअरमध्ये मी रोज पोर्टला सुई लावते. पोर्ट म्हणजे कातडीखाली बसवलेली छोटी डबी, तिच्या नळीतून औषध थेट मोठ्या शिरेत जातं. तिथे एका आजींचा पोर्ट फ्लश केला, म्हणजे सलाईन सोडून नळी धुतली, की अर्ध्या-पाऊण तासात त्यांना हुडहुडी भरायची. घरचे म्हणायचे, "एसी सोसत नाही हो तिला," आणि शाल घेऊन यायचे. पहिल्या दोन वेळा आम्हालाही ते खरं वाटलं. तिसऱ्यांदा दात वाजायला लागले, ताप १०२ वर गेला. तेव्हा पोर्टमधून आणि हाताच्या शिरेतून, दोन्हीकडून ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) पाठवलं. पोर्टच्या बाटलीत जंतू कितीतरी आधी वाढले, म्हणजे मूळ पोर्टमध्येच होतं. वरची कातडी मात्र अगदी स्वच्छ होती.

सगळ्यात मोठी चूक हीच, बाहेरून बघून ठरवणं. लाली, सूज, पू दिसला तर धोका आहेच, पण जंतू बरेचदा नळीच्या आत चिकट थर करून बसतात. ती नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडते. फ्लश केला की जंतू थेट रक्तात जातात. म्हणून फ्लशनंतर थंडी वाजली तर लगेच सिस्टरना सांगा, घरी गेल्यावर वाजली तर फोन करा.

दुसरी चूक, ताप आल्यावर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघणं. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट म्हणजे इमर्जन्सी, रात्रीचे दोन वाजले असले तरीही. गोळीने आकडा उतरतो, जंतू तिथेच राहतात. कॅज्युअल्टीत शिरताच "केमो चालू आहे, पोर्ट आहे" एवढं आधी सांगा. अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. घरातली उरलेली अँटिबायोटिक देऊन जाऊ नका, कल्चरमध्ये जंतू सापडेनासे होतात.

केमोचं औषध हळूहळू सोडणारा पंप लावून दोन दिवस घरी पाठवलेल्या पेशंटची सुई पोर्टमध्येच असते. अंघोळीत ड्रेसिंग भिजतं, कोपरा सुटतो आणि घरचे वरून चिकटपट्टी लावतात. तसं करू नका, ओलं किंवा सुटलेलं ड्रेसिंग त्याच दिवशी बदलून घ्या. मंगळसूत्र, ब्लाउजची पट्टी तिथे घासू देऊ नका. लाली दिसली म्हणून हळद लावू नका, जखम झाकली जाते आणि डॉक्टरांना नीट दिसत नाही.

जवळच्या दवाखान्यात "पोर्ट आहेच, त्यातूनच सलाईन द्या" असा आग्रहही नको. त्याला ह्यूबर नावाची खास सुई लागते, साध्या सुईने पोर्टचा पडदा खराब होतो.

आणि आम्हाला विचारायला संकोचू नका. हात धुतले का? जंतुनाशक पूर्ण वाळलं का? जोडणीचं टोक १५ सेकंद घासलं का? मला कुणी असं विचारलं तर बरंच वाटतं.

केमो संपल्यावरही पोर्ट आत आहे तोवर फ्लशची तारीख चुकवू नका. कुठे दर ४ आठवड्यांनी बोलावतात, कुठे ८ ते १२. नळीत साकळलेल्या रक्तात जंतूंना आयता आसरा मिळतो.

काही जंतूंसाठी, विशेषतः स्टॅफ ऑरियस हा जिवाणू किंवा कँडिडा बुरशी असेल तर, पोर्ट काढावाच लागतो. "एवढा खर्च केलाय, राहू द्या ना," असं नातेवाईक काकुळतीला येऊन म्हणतात. त्यांचा जीव मला कळतो, पण तो पोर्ट आत ठेवला की औषध थांबल्यावर ताप परत येतो. आजींचाही काढला. पुढची केमो त्यांनी पिक लाइनमधून, म्हणजे दंडाच्या शिरेतून घातलेल्या लांब नळीतून घेतली, त्याच एसीत, शालीशिवाय.