पशुपालकांच्या संघटनांनो, 'आपली एक कंपनी' काढण्याआधी या चुका टाळा

गाई, म्हशी, शेळ्यांची जात टिकावी, सुधारावी म्हणून निघालेल्या संघटनांचे हिशेब मी ठाण्यात बसून बघतो. मंडळी येतात ती शहापूर, मुरबाड, भिवंडीकडची, काही पनवेलची. जनावराच्या बाबतीत काटेकोर म्हणजे किती? वळूच्या तीन पिढ्या तोंडपाठ, कानातल्या टॅगचे बारा आकडे न बघता सांगतील. पण खात्यात आलेले चाळीस हजार कशाचे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "ते तुम्ही बघा ना सर, कुठेतरी बसवून टाका."

कुठेतरी बसवून टाकता येत नाही, म्हणून हा लेख. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. तुमच्या फायलींत आणि जुन्या नोटिसांत जुनेच क्रमांक आहेत, म्हणून मीही तेच वापरतो. चुका काही बदललेल्या नाहीत.

'धर्मादायची नोंदणी आहे ना, मग कर कसला?'

सोसायटी कायद्याचं प्रमाणपत्र आणि ट्रस्टचा 'एफ' नंबर हे दोन कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावलेले असतात. प्राप्तिकराशी त्यांचा संबंध एवढाच की पुढच्या अर्जाला ते जोडावे लागतात. करातून सूट हवी तर प्राप्तिकर कायद्याच्या कलम १२एबी खाली वेगळी नोंदणी लागते. तिला मुदत असते आणि मुदत संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. २०२१ मध्ये ज्यांनी फेरनोंदणी केली त्यांची पाच वर्षं ३१ मार्च २०२६ ला भरली, म्हणजे अर्ज ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत जायला हवा होता. त्यानंतर दिवाळी झाल्यावर फोन करणारेही निघालेच. बैल गेला नि झोपा केला.

'पशुपालन म्हणजे शेतीच की'

नाही. करापुरतं तरी नाही. शेतीचं उत्पन्न म्हणायला जमिनीवर नांगरणी, पेरणी अशी मूळ मशागत व्हावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली राजा विनयकुमार सहस रॉय यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. दूध, बोकड, कालवडी, रेतमात्रा यांच्या विक्रीतून आलेला पैसा शेतीचा नव्हे. संस्थेच्या जमिनीवर पिकवलेला चारा विकलात तर तो शेतीचा. दोन्हींची नोंद एकाच पानावर करणाऱ्या खजिनदाराला मी वही परत देतो.

सगळंच 'देणगी'

ही माझी पहिली दुखरी नस. एका संघाच्या पावतीपुस्तकात प्रत्येक पावतीवर छापील 'देणगी' आणि रक्कम ५०० ते ३,०००. स्थळप्रत उलटली की मागे पेन्सिलीने लिहिलेलं : '२ कांड्या, १ गोणी खनिज मिश्रण'. कांड्या म्हणजे कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा. खजिनदार हुशार माणूस. हिशेब चोख, फक्त तो पेन्सिलीत! मी विचारलं, "अण्णा, हे काय?" तर म्हणाले, "विक्री लिहिली तर कर लागेल असं सांगितलं होतं कुणीतरी."

कुणीतरी. या माणसाला मला एकदा भेटायचं आहे.

पैशाच्या बदल्यात वस्तू किंवा सेवा दिली की ती देणगी राहत नाही, पावतीवर काहीही छापा. त्याच पावतीवर ८०जी चा, म्हणजे देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारा, शिक्का मारला आणि देणगीदारांच्या वार्षिक विवरणपत्रात, म्हणजे फॉर्म १०बीडी मध्ये नाव घातलं, तर घोळ तुमच्यापुरता न राहता त्या सभासदाच्या रिटर्नपर्यंत जातो.

'पण आम्ही सभासदांकडूनच घेतो' हा यावरचा दुसरा बचाव. वार्षिक वर्गणीपुरता तो बरोबर आहे. आपलेच पैसे आपणच आपल्यासाठी एकत्र केले तर त्यात नफा नाही, हे तत्त्व मान्य आहे. पण व्यावसायिक संघटनेने सभासदाला ठरावीक सेवा देऊन तिचे पैसे घेतले, उदाहरणार्थ जनावराची वंशावळ नोंदवून दाखला दिला, तर कलम २८(iii) ते व्यवसायाचं उत्पन्न धरतं. बँकेतल्या ठेवींच्या व्याजालाही हे आपसातलं तत्त्व लागू नाही. बंगलोर क्लबच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वाद संपवला.

माझा उपाय पुस्तकी नाही. तीन रंगांची पावतीपुस्तकं छापून घ्यायला लावतो : पांढरं वर्गणीचं, पिवळं देणगीचं, गुलाबी विक्री आणि सेवाशुल्काचं. गुलाबी पुस्तकाची खतावणी वेगळी. कलम ११(४ए) ला व्यवसायाची स्वतंत्र पुस्तकं लागतातच. सॉफ्टवेअरमध्येही हे होतं, पण गोठ्यावर उभा राहून पावती फाडणाऱ्याला रंग कळतो.

२० टक्क्यांचं गणित मार्चमध्ये करणं

जातसंवर्धनाचं काम बहुतेक वेळा 'सार्वजनिक उपयुक्ततेचा इतर उद्देश' या खान्यात बसतं. या खान्याला अट आहे. व्यापारी स्वरूपाचं काम मूळ उद्देश राबवतानाच झालेलं हवं आणि त्यातली जमा वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांवर जाता कामा नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक दिलासा दिला : खर्चाइतकंच किंवा किंचित जास्त शुल्क घेतलं तर तो व्यापार धरू नये. भाव खर्चाच्या बराच वर गेला की धरावा.

समजा वर्गणी ४ लाख, देणग्या आणि अनुदान १६ लाख, व्याज ३ लाख, आणि प्रदर्शनातले स्टॉल व स्मरणिकेच्या जाहिराती मिळून ७ लाख. एकूण ३० लाख, मर्यादा ६ लाख. वरच्या एका लाखापायी त्या पूर्ण वर्षाची सूट जाते, फक्त त्या लाखाची नाही. हे सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी हे गणित दिवाळीत एकदा मांडतो. प्रदर्शन जानेवारीत असेल तर स्टॉलचे दर ठरवायच्या आधी.

आता जाता जाता नुसतं नाव घ्यावं अशी एक चूक : घटनेत 'केवळ सभासदांच्या हितासाठी' असं उद्देशकलम. त्यावर धर्मादाय म्हणून सूट मागायला जाऊ नका, आधी घटना दुरुस्त करा.

संस्थेच्या पैशांनी कंपनी

२० टक्के ऐकल्यावर पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "मग आपण एक प्रायव्हेट लिमिटेड काढू. अमेरिकेत तसंच करतात."

अमेरिकेत करतात, खरं आहे. अमेरिकन अँगस असोसिएशन ही तिथली जातनोंदणी करणारी संघटना, आणि अँगस जेनेटिक्स ही तिच्याच मालकीची कंपनी. तिथल्या करकायद्यात ५०१(सी)(५) हा खाना कामगार, शेती आणि बागायती संघटनांसाठी आहे, पशुपैदास संघटना शेतीच्या खान्यात बसतात, आणि अशा संघटनेला कंपनीचे शेअर धरता येतात. कंपनी आपला २१ टक्के केंद्रीय कर भरते आणि उरलेल्यातून लाभांश वर पाठवते. फुकट तिथेही नाही. संघटनेने स्वतःच उद्देशाबाहेरचा धंदा केला तर १,००० डॉलरच्या जमेपासून वेगळं विवरणपत्र भरावं लागतं, आणि आपल्याच ताब्यातल्या कंपनीकडून भाडं, व्याज किंवा रॉयल्टी घेतली तर तीही करात येऊ शकते. अमेरिकेचा दाखला देणाऱ्या व्हिडिओंत हा भाग नसतो.

आपल्याकडे दारच वेगळं आहे. सूट घेणाऱ्या ट्रस्टचा पैसा कुठे गुंतवायचा याची यादी कलम ११(५) मध्ये आहे : बँक, पोस्ट, सरकारी रोखे वगैरे. खाजगी कंपनीचे शेअर त्यात नाहीत. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३५ आहे, तेही हेच सांगतं.

एका शेळीपालक संघाने हे केलं होतं. माझ्याकडे आले ते ऑडिट तोंडावर आल्यावर. ताळेबंदात गुंतवणुकीखाली एक नवी ओळ : ३,००,०००. नाव संघाचंच, शेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड' जोडलेलं. साठ टक्के शेअर संघाचे, उरलेले चाळीस अध्यक्ष, सचिव आणि खजिनदाराच्या मुलाचे. कंपनी ईदच्या आधी बोकड विकायची, वर्षभर खुराक. गोदाम संघाचं, भाडं शून्य. वीजबिल संघाचं. डिलिव्हरीचा टेम्पो संघाचा, अनुदानातून घेतलेला. सचिव कंपनीत संचालक, पगार सुरू. आणि संघ आपल्या प्रात्यक्षिक गोठ्यासाठी खुराक त्याच कंपनीकडून घ्यायचा, बाजारापेक्षा चढ्या दराने.

माणसं वाईट नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. दुपारी जेवणाचा डबा उघडून आधी माझ्यापुढे भाकरी ठेवणारी माणसं. कंपनी नोंदवून देणाऱ्याने चार दिवसांत प्रमाणपत्र हातात दिलं, आणि 'पैसे कुणाचे?' हा एकच प्रश्न विचारला नाही.

शेअर यादीबाहेरची गुंतवणूक म्हणून कलम १३(१)(डी) मध्ये अडकले. फुकटचं गोदाम, टेम्पो आणि चढा दर १३(१)(सी) मध्ये, कारण विश्वस्त आणि त्यांच्या नातलगांकडे मिळून २० टक्के किंवा जास्त मताधिकार असलेल्या कंपनीला ट्रस्टची मालमत्ता अशी वापरू देणं म्हणजे त्यांनाच फायदा देणं. अशा उत्पन्नावर ११५बीबीआय खाली सरळ ३० टक्के, वर उपकर, आणि खर्चाची वजावट नाही. नेमक्या किती रकमेवर, यावर वकिलांना भांडता येतं. संघाने भांडायचं नाही असं ठरवलं आणि कर भरला. मग मूल्यांकन करून शेअर सभासदांना विकले, पैसे बँकेत मुदत ठेवीत परत आणले, गोदामाचा बाजारभावाने भाडेकरार केला, सचिवांनी दोनपैकी एक पद सोडलं. ते कुठलं सोडायचं यावर कार्यकारिणीच्या तीन सभा झाल्या.

धंदा करायचाच असेल तर माझं मत सरळ आहे : पैसा सभासदांच्या खिशातला असू द्या. कमीत कमी दहा उत्पादक जमले की प्रोड्यूसर कंपनी निघते. शेअर त्यांचे, तोटा आणि लाभांशही त्यांचा. संघाने नोंदणी, प्रशिक्षण, प्रदर्शन एवढंच करावं. दोघांचं बँक खातं, पत्ता आणि सही करणारे वेगळे ठेवा. 'सगळा नफा देणगी म्हणून संघाला परत देऊ' ही शक्कलही डोक्यातून काढा, प्रोड्यूसर कंपनीला मागच्या वर्षीच्या निव्वळ नफ्याच्या ३ टक्क्यांपर्यंतच देणग्या देता येतात. आणि प्रोड्यूसर कंपनीच्या नफ्यावर ८०पीए ची पूर्ण वजावट सांगून कुणी भुलवत असेल तर ती आर्थिक वर्ष २०२३-२४ नंतर संपलेली आहे.

शेअर नकोत तर कंपनीला कर्ज देऊ, असं विचारणारे दर वर्षी भेटतात. पुरेसं तारण आणि पुरेसं व्याज नसेल तर तेही त्याच विहिरीत.

उरलेल्या, घाईघाईत

रोख : एका दिवसात एकाला १०,००० रुपयांवर रोख दिली तर तो खर्च धरला जात नाही. जनावर थेट पाळणाऱ्या शेतकऱ्याकडून घेतलं तर नियम ६डीडी मध्ये सवलत आहे, व्यापाऱ्याकडून घेतलं तर नाही. मुरबाडकडच्या म्हसा यात्रेत, जनावरांच्या बाजारात, खरेदी करणार असाल तर विकणाऱ्याचं नाव, गाव, टॅग नंबर आणि 'जनावर माझ्या गोठ्यातलं आहे' एवढं लिहून अंगठा किंवा सही तिथल्या तिथे घ्या. यात्रा उठल्यावर तो माणूस सापडत नाही. घेताना लक्षात ठेवायचं ते वेगळं : एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख स्वीकारायचीच नाही.

विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात चेंज रिपोर्ट. जुन्या अध्यक्षांच्या नावाने चाललेली खाती मी ऑडिटला घेत नाही.

जीएसटी : शेतकरीहिताच्या ना-नफा संस्थेची वर्गणी सभासदामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत माफ. स्टॉलचं भाडं आणि जाहिराती माफ नाहीत, त्यामुळे एकूण उलाढाल २० लाखांकडे सरकू लागली की नोंदणीचं विचारायला या, आणि येताना गुलाबी पुस्तक आणा.