इंग्रजी शब्द तोडायला मी कशी शिकले

ब्यूटिफुलचं स्पेलिंग मी वर्षानुवर्षं एका दमात घोकत होते, आणि लिहायला बसले की ई-ए-यू हमखास उलटसुलट व्हायचे. ‘शब्द तोडून पाठ कर,’ असं सगळे सांगायचे. कुठे तोडायचा, ते कुणी दाखवत नव्हतं. मी आपली स्वर मोजायचे. ब्यूटिफुलमध्ये स्वर पाच, म्हणजे तुकडे पाच!

एका शिक्षिकेनं मला आधी मराठीच विचारलं. “‘घर’मध्ये किती?” मी म्हटलं, दोन. “म्हणून बघ.” तोंडातून एकच ठोका आला: घर्. मग ‘गडबड’. लिहायला चार अक्षरं, बोलायला दोन ठोके, गड-बड. म्हणजे हे आपण लहानपणापासून करतच असतो, फक्त लक्षात आलेलं नसतं. सिलॅबल म्हणजे हाच ठोका. प्रत्येक ठोक्यात एक स्वर ऐकू येतो. कागदावर स्वर किती दिसतात, याच्याशी त्याचा संबंध नाही. ब्यू-टि-फुल, तीन ठोके. स्ट्रेंग्थ्समध्ये नऊ अक्षरं असून ठोका एकच. रिदममध्ये ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही, तरी ठोके दोन.

मराठी माणूस हटकून अडतो तो शेवटच्या ईडीवर. वॉक्ड हा एकच ठोका आहे, त्याचं ‘वॉकेड’ करू नका. मूळ क्रियापद टी किंवा डीच्या उच्चारानं संपत असेल तरच ठोका वाढतो: वॉन्टेड, नीडेड.

ठोके मोजता आले की कापायची जागा. रॅबिटमधल्या दोन बींसारखी दोन व्यंजनं स्वरांच्या मध्ये आली तर बहुधा त्यांच्यामधून कापायचं. मात्र टीएच, एसएचसारखी मिळून एकच आवाज देणारी जोडी फोडायची नाही. एकच व्यंजन असेल तर मी आधी त्याच्या अलीकडे कापते. टायगरमध्ये टी-आय सुटा राहतो, आयचा उच्चार लांब होतो, शब्द ओळखीचा वाटतो. कॅबिनला हेच केलं तर ‘केबिन’ होतं, इंग्रजी उच्चारापेक्षा भलतंच! मग बीच्या पलीकडे कापायचं. नवा शब्द वाचताना मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. दोन्हीकडे कापून पाहायला काही सेकंद लागतात, तेवढे जरूर द्या.

रेकॉर्ड मात्र मुद्दाम मोठ्यानं म्हणून बघा. नाम असेल तर जोर पहिल्या ठोक्यावर आणि काप सीनंतर. क्रियापद असेल तर ‘रिकॉर्ड’, जोर दुसऱ्यावर, काप सीच्या आधी. स्पेलिंग तेच!

शब्दकोशातले ठिपके बघून सुरुवातीला माझा फार गोंधळ उडाला. काही अमेरिकन कोशांत शब्दामधले ठिपके हे ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडता येईल, हे सांगतात. एकटं अक्षर ओळीच्या टोकाला ठेवत नाहीत, म्हणून अबाऊट तिथे अखंड दिसतो. बोलताना त्याचे ठोके दोनच आहेत. तेव्हा ठोके मोजायचे तर त्याच नोंदीतल्या उच्चाराच्या खुणा बघा.