मनोविकार ओपीडीतील इंटर्नशिप: केस हिस्टरी कशी घ्यावी आणि कशी लिहावी

चिकित्सा मानसशास्त्राच्या इंटर्नशिपसाठी येणारे बहुतेक विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतात, की थेरपी करायला कधी मिळेल. बहुतेक ठिकाणी ती मिळत नाही आणि ते योग्यच आहे. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमानुसार नोंदणी झाल्याशिवाय चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून स्वतंत्रपणे काम करता येत नाही, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्येतही देखरेखीखालील प्रशिक्षणाला स्थान आहे. इंटर्नच्या वाट्याला येते ते काम म्हणजे केस हिस्टरी घेणे, मानसिक स्थितीची तपासणी करणे, ओपीडीत ज्याला सगळे एम.एस.ई. म्हणतात ती, आणि सुपरवायझरच्या नजरेखाली रुग्णांच्या चाचण्या घेणे. हे काम दुय्यम वाटते, परंतु ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत किंवा कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत इतकी गर्दी असते, की अनेक रुग्णांशी कोणी सलग अर्धा-पाऊण तास बोलले असेल, तर तो इंटर्नच असतो. म्हणून या लेखाचा भर त्या पाऊण तासावर आहे.

तक्रार नेमकी कोणाची

केस हिस्टरीच्या कागदावर सर्वांत आधी तक्रार लिहायची असते, आणि पहिली गल्लत तिथेच होते. मनोविकार विभागात येणाऱ्या अनेक रुग्णांच्या मते त्यांना काहीच झालेले नसते, तक्रार घरच्यांची असते; याउलट काही रुग्ण कासावीस झालेले असतात आणि घरच्यांच्या मते ते नाटक असते. त्यामुळे रुग्णाचे म्हणणे आणि नातेवाइकांचे म्हणणे दोन वेगळ्या परिच्छेदांत, ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहावे. ‘जीव घाबराघुबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’, ‘डोक्यात किडे वळवळतात’ ही वाक्ये जशीच्या तशी कागदावर यावीत. त्यांच्या जागी अँग्झायटी किंवा डिप्रेशन लिहून टाकले, की पुढचा प्रश्न विचारण्याची गरजच कोणाला वाटत नाही. डोक्यात किडे वळवळतात असे म्हणणारी बाई डोकेदुखीचे वर्णन करत असेल, विचारांच्या गर्दीचे करत असेल किंवा तिला खरोखरच किडे जाणवत असतील. ‘तसं वाटतं, की खरंच किडे आहेत?’ एवढ्या एका प्रश्नाने या शक्यता बऱ्याच अंशी वेगळ्या होतात, आणि तिने ‘खरंच आहेत, कानातून बाहेर पण येतात’ असे उत्तर दिले, तर पुढची मुलाखत वेगळ्याच दिशेने न्यावी लागते.

माहिती देणारा कोण आहे हेही लिहावे. रुग्णाबरोबर एकाच घरात राहणारी पत्नी आणि कालच मुंबईहून आलेला भाऊ यांच्या माहितीचे वजन सारखे नसते, मग भाऊ कितीही शिकलेला आणि मुद्देसूद बोलणारा असला तरी. उलट मुद्देसूद बोलणाऱ्या नातेवाइकापासून इंटर्नने जरा सावधच राहावे, कारण त्याने आपला निष्कर्ष आधी काढलेला असतो आणि हकिगत त्याला जुळवून घेतलेली असते.

नातेवाइकांना बाहेर कसे पाठवायचे, हा नव्या मुलांना अवघड वाटणारा भाग आहे. सासू सुनेला घेऊन येते, सुनेला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतः देते आणि सून जमिनीकडे पाहत बसते, हे दृश्य ओपीडीत रोजचे आहे. अशा वेळी ‘तुम्ही बाहेर थांबा’ असे तोडून सांगितले, तर सासू दुखावते आणि कदाचित पुढच्या तारखेला सुनेला आणतच नाही. ‘आजी, आधी ताईंशी दोन शब्द बोलते, मग तुमचं सगळं निवांत ऐकून घेते, तोवर बाकावर बसा’ असे म्हटले, तर सहसा त्या उठतात, कारण त्यांची पाळी येणार आहे हे त्यांना कळलेले असते. ते आश्वासन मात्र पाळावे लागते. मुलाखत घेणारा पुरुष असेल, तर दार किलकिले ठेवावे आणि सिस्टर किंवा एखादी सहकारी जवळपास असावी.

संबोधनाबाबत नियम सोपा आहे: वयाने मोठ्या रुग्णाला काका, मावशी, आजोबा चालते, पण क्रियापद ‘तुम्ही’चेच हवे. वॉर्डातील जुन्या रुग्णांना अरे-तुरे करण्याची सवय काही ठिकाणी मुरलेली असते आणि इंटर्न ती चार दिवसांत उचलतात. ती उचलू नये.

केव्हापासून

‘खूप दिवस झाले’ हे उत्तर लिहून पुढे जाऊ नये, कारण निदानाचा बराच भाग कालावधीवर उभा असतो. नैराश्याच्या निदानासाठी लक्षणे किमान दोन आठवडे असावी लागतात. स्किझोफ्रेनियासाठी आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणानुसार किमान एक महिना लागतो, तर डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेनुसार आजाराची चिन्हे एकंदर सहा महिने दिसावी लागतात. त्रास ४८ तासांत उफाळून आला, की वर्षभर हळूहळू वाढत गेला, यानेही निदान बदलते. खेड्यातून आलेल्या माणसाला तारीख आठवत नसली, तरी पोळ्याच्या आधी की नंतर, पेरणी झाली होती का, ऊसतोडीला गेले होते तेव्हा बरे होते का, धाकटीचे लग्न झाले त्या वेळी कामात लक्ष होते का, हे त्याला पक्के आठवते. अशा दोन-तीन खुणा धरून आधी कागदाच्या कडेला एक रेघ ओढावी आणि तिच्यावर घटना मांडाव्यात. मग हिस्टरी लिहावी. लक्षण आधी सुरू झाले की नोकरी आधी गेली, हा क्रम या रेघेवर लगेच दिसतो, आणि नातेवाईक तो अनेकदा उलटा सांगत असतात.

व्यसनाचा इतिहास शेवटी घाईने उरकण्याची पद्धत आहे आणि ती धोक्याची आहे. ‘दारू घेता का?’ या प्रश्नाला ‘कधीतरी, थोडीशी’ असेच उत्तर मिळते. त्याऐवजी देशी की विदेशी, क्वार्टर एकट्याला पुरते का, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, असे विचारत जावे. क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यामुळे हिशेब आपोआप लागतो. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेवटची दारू केव्हा घेतली हा आहे. रोज पिणारा माणूस तापासाठी किंवा अपघातामुळे रुग्णालयात दाखल होतो, दारू अचानक बंद होते आणि साधारण दोन-तीन दिवसांनी तो बरळू लागतो, भिंतीवर उंदीर पाहतो, दिवस की रात्र हे त्याला कळत नाही. नवख्या डोळ्यांना हा वेडाचा झटका वाटतो. प्रत्यक्षात ती दारू सुटल्यामुळे उद्भवणारी तातडीची वैद्यकीय अवस्था असते आणि तिच्यात जीव जाऊ शकतो. भान कमी-जास्त होत असेल, तर मुलाखत तिथेच थांबवून डॉक्टरांना बोलावावे. तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांबद्दलही विचारावे. मिश्रीला अनेक स्त्रिया व्यसन समजतच नाहीत, म्हणून तिचे नाव घेऊनच विचारावे लागते.

एम.एस.ई.: पुस्तकातला प्रश्न आणि समोरचा माणूस

शंभरातून सात वजा करत जा, हा लक्ष तपासण्याचा नेहमीचा प्रश्न आहे. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला तो विचारला, तर तपासले जाते त्याचे गणित. अशा वेळी वीसपासून उलटे आकडे, वार उलटे किंवा चैत्र ते फाल्गुन महिने उलटे म्हणायला सांगावेत, आणि काय विचारले व उत्तर काय मिळाले हे दोन्ही लिहावे. नुसते ‘लक्ष कमी’ असे लिहिलेल्या नोंदीवरून पुढच्या महिन्यात काहीही ताडून पाहता येत नाही. तारीख न सांगता येणे म्हणजे काळाचे भान नसणे असे शेतकऱ्याच्या बाबतीत लगेच धरू नये. आज वार कोणता, गावचा बाजार कधी, आता कोणता सण येणार, हे विचारावे. आकलन पाहण्यासाठी ‘नाचता येईना अंगण वाकडे’ यासारखी म्हण चालते, पण ज्याची मातृभाषा गोंडी किंवा पावरी आहे त्याला मराठी म्हणीत नापास करू नये. निर्णयशक्तीसाठी, तिकीट लावलेले पत्र रस्त्यात पडलेले दिसले तर काय कराल, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत अजून आहे, असे पत्र मात्र आज कोणाला दिसत नाही. घरात गॅसचा वास आला तर काय कराल, हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

करणी, बाधा आणि अंगात येणे या विषयांवर शहरी इंटर्न दोन टोकांना जातात. एक तर ते मनातल्या मनात हसतात, नाहीतर करणीचा उल्लेख ऐकताच भ्रम असे लिहून मोकळे होतात. शेजारणीने करणी केली असे सगळे घरच मानत असेल, तर तेवढ्यावरून भ्रम ठरत नाही. घरच्यांनाही न पटणारी, पुराव्याने जराही न हलणारी आणि रुग्णाचे खाणे, झोप, काम व्यापून टाकणारी समजूत असेल, तर विचार वेगळा करावा लागतो. नवरात्रात, आरतीच्या वेळी, चारचौघींच्या बरोबर अंगात येणे आणि एरवी घरात भांडण झाल्यावर वारंवार तसे होणे यांतला फरकही नोंदीत उतरला पाहिजे. याआधी कुठे दाखवले, हे विचारताना देवस्थान, दर्गा, भगत यांची नावे आपणच सहजपणे घ्यावीत, म्हणजे माणूस लाजत नाही. त्या ओघात रुग्णाला साखळीने बांधून ठेवल्याचे कळले, तर ते सुपरवायझरला त्याच दिवशी सांगावे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ने साखळदंड घालण्यास सर्वस्वी मनाई केली आहे.

चाचणीचा आकडा

चाचण्यांविषयी थोडक्यात. एमआयएसआयसी ही मुलांची बुद्धिमापन चाचणी आणि व्हीएसएमएस या सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या चाचणीचे भारतीय रूप ही दोन्ही ए. जे. मालिन यांनी नागपुरात सिद्ध केली, तर बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी भाषिक मुलांवर काम करून तयार केली. अपंगत्व प्रमाणपत्राच्या निमित्ताने ही साधने रोज हाताळली जातात. त्यांचे मूळ निकष कित्येक दशकांपूर्वीचे आहेत, हे अहवाल वाचताना आणि लिहिताना ध्यानात असावे.

व्हीएसएमएसमध्ये मुलाचे वागणे आईला विचारून गुण द्यायचे असतात, आणि खरी कसोटी त्या विचारण्यात आहे. ‘कपडे स्वतः घालतो का?’ असे विचारले, की आई ‘हो, घालतो की’ म्हणते. शर्ट कपाटातून कोण काढतो, उलटा-सुलटा कोण बघतो, बटणे कोण लावतो, असे विचारल्यावर बटणे तीच लावते हे बाहेर येते. अशा चार-पाच बाबी सैलपणे धरल्या, तर सामाजिक वय वर सरकते. आठ वर्षांच्या मुलाचे सामाजिक वय पाच आले, तर गुणांक (सामाजिक वय भागिले खरे वय, गुणिले शंभर) ६२ ते ६३ येतो आणि साडेसहा आले, तर तो ८१च्या पुढे जातो. या गुणांकावरून दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते आणि लक्षणीय (बेंचमार्क) दिव्यांगत्वासाठी ४० टक्क्यांची अट असल्यामुळे त्या मुलाच्या सवलती या फरकावर अडू शकतात. याची दुसरी बाजूही आहे: प्रमाणपत्र हवे म्हणून काही पालक ‘त्याला काहीच येत नाही’ असे म्हणत राहतात, आणि तेवढ्यात ते मूल स्वतःच दप्तराची चेन उघडून डबा काढते. पाहिलेले तेही लिहावे. चाचणीच्या साहित्याचे फोटो काढून वर्गमित्रांच्या ग्रुपवर टाकू नयेत, कारण प्रश्न फुटले की चाचणी निकामी होते.

जिथे थांबायचे नाही

आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. जगणे नकोसे वाटते का येथून सुरुवात करून, मरण्याचा विचार, काही ठरवले आहे का, साधन घरात आहे का, याआधी प्रयत्न केला होता का, आणि कशामुळे थांबलात, इथपर्यंत सरळ शब्दांत जावे. शेतकरी कुटुंबात कीटकनाशक कुठे ठेवले आहे हे विचारलेच पाहिजे आणि ते शेजाऱ्याकडे किंवा कुलपात हलवण्यास नातेवाइकांना सांगायला हवे. उत्तरे काळजीची असतील, तर रुग्णाला एकटे न सोडता ड्युटीवरील डॉक्टरांना आणि सुपरवायझरला त्याच क्षणी कळवावे, आणि कोणाला किती वाजता कळवले हे कागदावर लिहावे. घरी जाणाऱ्या रुग्णाला आणि नातेवाइकांना टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा. स्वतःचा मोबाइल क्रमांक मात्र देऊ नये. पोलीस केसच्या भीतीने नातेवाईक आधीचा प्रयत्न लपवतात. त्यांना सांगावे, की मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असलेली मानते आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकते.

गोपनीयतेचे वचन देतानाही मोजून शब्द वापरावेत. ‘तुम्ही सांगाल ते कोणालाही कळणार नाही’ असे इंटर्नने म्हणू नये, कारण ते खरे नाही: सुपरवायझरला कळणार असते, जिवाला धोका असेल तर आणखी काही जणांना कळवावे लागते, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगावी. मुलाने सगळे सांगून झाल्यावर ती सांगणे हा त्याचा विश्वासघात ठरतो.

सुपरवायझरकडे जाताना संपूर्ण हिस्टरी वाचून दाखवू नये. कुठे अडले तो प्रश्न घेऊन जावे. ‘दोन शक्यता वाटतात, त्यांपैकी एक नाकारण्यासाठी काय विचारायचे राहिले?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला दहा मिनिटांत पुष्कळ मिळते. एखाद्या रुग्णाचा राग येतो किंवा एखाद्याला घरी घेऊन जावेसे वाटते, हेही तिथेच बोलावे. ते मैत्रिणींपाशी, चहाच्या टपरीवर, नाव-गावासकट बोलू नये.

इंटर्नशिप संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून नियमित येणाऱ्या रुग्णांना आपण कधी जाणार आहोत हे सांगायला सुरुवात करावी आणि पुढे त्यांना कोण पाहणार, त्या व्यक्तीशी शक्य तर समक्ष ओळख करून द्यावी. शेवटच्या नोंदीत आतापर्यंत काय विचारून झाले, काय राहिले, कोणती चाचणी अर्धवट आहे आणि पुढची तारीख कोणती, हे लिहून सुपरवायझरची सही घ्यावी. रुग्णाचे नाव असलेले सगळे कागद विभागात जमा करावेत, आणि स्वतःच्या वहीत काही राहिले असेल, तर तेही फाडून टाकावे.