मुलींच्या कपड्यांची जाहिरात लिहिताना: ‘धावतेस’ की ‘धावशील’?

चतुर्थीच्या आधीचा महिना आणि नाताळापूर्वीचे दोन-तीन आठवडे गोव्यातल्या म्हापसा, फोंडा, मडगावच्या बाजारांत लहानांच्या कपड्यांचे नवे फ्लेक्स चढतात. एका बाजूला ‘परी’ आणि ‘राजकन्या’, दुसऱ्या बाजूला ‘चॅम्प’ आणि ‘हीरो’. हे बदलायचं ठरलं की पहिली चूक ठरलेली असते: कुठली तरी इंग्रजी जाहिरात समोर ठेवून तिचं मराठी केलं जातं.

लहानांचे कपडे मुलगा-मुलगी असे वेगळे करून विकावेत का, हा इंग्रजीतला वाद मुख्यतः पाटीवरच्या शब्दाचा आहे. ब्रिटनमधल्या जॉन लुईस या दुकानसाखळीने २०१७ मध्ये स्वतःच्या ब्रँडच्या बालकपड्यांवरची ‘बॉइज’ आणि ‘गर्ल्स’ ही वेगवेगळी लेबलं काढून दोन्ही शब्द एकत्र छापले. काहींनी पाठ थोपटली, तर ‘मग मुलीचा कपडा शोधायचा कुठे?’ असंही विचारलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी गॅप या कपड्यांच्या कंपनीची ब्रिटनमधली जाहिरात गाजली ती वेगळ्या कारणाने: मुलाच्या टी-शर्टाशेजारी ‘छोटा विद्वान’ आणि मुलीच्या चित्राशेजारी गप्पाटप्पांत रमणारं फुलपाखरू, अशा अर्थाचे शब्द होते. दोन्ही ठिकाणी शब्द बदलला की प्रश्न बराचसा सुटतो, कारण इंग्रजी क्रियापदाला मुलगा-मुलगी कळत नाही.

मराठी क्रियापदाला कळतं. फ्लेक्सवरून ‘परी’ खोडून टाकलीत आणि खाली ‘तू उड्या मारतेस, आम्ही कापड जपतो’ असं ठेवलंत, तर त्या ‘मारतेस’मध्ये मुलगी ठसठशीत उभीच आहे. म्हणून मजकुरातला प्रत्येक ‘तू’ आणि ‘मी’ शोधा, त्याचं क्रियापद अधोरेखित करा आणि काळ तपासा.

वर्तमानकाळ फसवतो: धावतोस, धावतेस, मी खेळतो, मी खेळते. अकर्मक क्रियापदाचा भूतकाळही फसवतो: पडलास, पडलीस. भविष्यकाळ मात्र मोकळा आहे. ‘तू धावशील’, ‘मी चढेन’ हे कोणीही म्हणावं. आज्ञार्थही मोकळा: धाव, चढ, लोळ. ‘-आयचं’ लावलेलं रूप तर लहानांच्या तोंडचंच आहे: ‘मला झाडावर चढायचंय’, ‘चिखलात नाचायचंय’. जाहिरातीसाठी याहून चांगलं रूप मराठीत नाही. त्यात हट्टही येतो. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ बहुधा चालतो, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं: ‘तू किल्ला बांधलास’ कोणालाही लागू. पण शिकणे, विसरणे अशी काही क्रियापदं कर्त्याच्याच मागे जातात, त्यामुळे ‘सायकल शिकलास’ आणि ‘सायकल शिकलीस’ वेगळे पडतात. तिथे ‘सायकल जमली!’ लिहा. अनेकवचनही कामाला येतं: ‘आम्ही खेळतो’ मुलीही म्हणतात, ‘तुम्ही खेळता’ कोणालाही म्हणता येतं. फक्त पाच वर्षांच्या पोराला जाहिरातीत ‘तुम्ही’ म्हटलं की शाळेतली सूचना वाचल्यासारखं वाटतं. तो ‘तुम्ही’ पालकांसाठी राखून ठेवा.

तिरकी रेघ मारून ‘खेळतो/खेळते’ लिहू नका. अर्जात ती चालते. फ्लेक्सवर साधारण १० फुटांवरून सहज वाचायला अक्षर किमान १ इंच उंच लागतं, आणि वरखाली मात्रा-वेलांट्या असल्याने देवनागरीला त्याहून थोडं जास्तच. म्हणजे रस्त्यापलीकडून, ३० फुटांवरून वाचायच्या ओळीला ३ इंचांचं अक्षर धरा. एवढ्या अक्षरात ६ फूट रुंद फ्लेक्सच्या एका ओळीत चार-पाच शब्दच नीट बसतात. त्यातला एक शब्द दोनदा लिहिण्याइतकी जागा कोणाकडे आहे?

आता नाम. ‘मुलांचे कपडे’ ही पाटी तटस्थ आहे असं पुष्कळांना वाटतं. ‘मूल’ नपुंसकलिंगी आणि त्याचं अनेकवचन ‘मुलं’, इथपर्यंत ठीक. पण विभक्ती लागली की ‘मूल’ आणि ‘मुलगा’ एकाच रूपात येतात: मुलांचे, मुलांना, मुलांसाठी. शेजारी ‘मुलींचे कपडे’ अशी दुसरी पाटी असेल तर ‘मुलांचे’ म्हणजे मुलग्यांचेच, हे गिऱ्हाईक बरोबर ओळखतं. नसेल तरी मुलीची आई दारात थबकते. उपाय तीन आहेत. ‘मुलामुलींचे कपडे’ हा सरळ आणि कोणालाही कळणारा. ‘वय २ ते ८’ हा सगळ्यांत स्वच्छ, कारण नामच लागत नाही. तिसरा विभक्तीचाच फायदा घेणारा: ‘चिमुकल्यांसाठी’, ‘धडपडणाऱ्यांसाठी’, ‘लाडक्यांना’. लाडका, लाडकी, लाडकं या तिन्हींचं ‘लाडक्यांना’च होतं. एकवचनच हवं असेल तर बाळ, लेकरू, पिल्लू हे मुळातच नपुंसकलिंगी शब्द आहेत. ‘लेकराला गार ठेवणारं सुती कापड’ ही ओळ कोकणी कानालाही परकी वाटत नाही.

कोकणीचा विषय निघालाच आहे, तर इथे गोव्यातल्या दुकानांसाठी खास सावधगिरी. गोव्यात पाटीवर दोन्ही भाषा येतात आणि छापखान्यात एका भाषेचा मजकूर दुसरीत ओळीला ओळ उतरवला जातो. इथे तो हमखास फसतो, कारण दोन्ही भाषांचे काळ याबाबतीत उलटे चालतात. कोकणीत वर्तमानकाळाला लिंग नाही: तो खेळटा, ती खेळटा, तें खेळटा. भविष्यकाळाला मात्र आहे: तो खेळटलो, ती खेळटली, तें खेळटलें. म्हणजे मराठीत ‘तू खेळशील’ लिहून साधलेली गोष्ट कोकणीत भविष्यकाळाने बिघडते, आणि मराठीत टाळलेला वर्तमानकाळ तिथे हवा असतो. मराठी ओळ भविष्यात, कोकणी ओळ वर्तमानात, असं आधीच ठरवून टाका. नामाच्या बाबतीत कोकणी जास्त सोयीची. ‘भुरगें’ नपुंसकलिंगी आहे, ‘भुरग्यांखातीर’ म्हटलं की मराठीतला मुलांचा-मुलग्यांचा घोळ उरत नाही. शिवाय गोव्याच्या कोकणीत ‘चेडूं’ नपुंसकलिंगी, आणि लहान मुलीबद्दल ‘तें आयलें’ असंच बोलतात. त्यामुळे ‘तें’ लिहिलं म्हणजे आपोआप तटस्थ झालं असं समजू नका. गोव्यातल्या वाचकाला त्या ‘तें’मध्ये मुलगीच दिसेल.

मग ‘मुलगी’ हा शब्दच हद्दपार करायचा का? नाही, आणि या वादात नेमका इथेच गोंधळ होतो. कपड्याचा काट, म्हणजे कापणी-शिवण, खरोखर वेगळा असेल तिथे शब्द ठेवा. परकर-पोलकं, मुलींची अंतर्वस्त्रं, शाळेचा ठरलेला गणवेश, चर्चमधल्या फर्स्ट कम्युनियन विधीचा पांढरा ड्रेस: यांवर ‘मुलींसाठी’ लिहिणं म्हणजे माहिती देणं. टी-शर्ट, पायजमा, रेनकोट, स्वेटशर्ट, गमबूट यांना कारण नाही. वयात येण्याआधी मुलगा आणि मुलगी यांच्या छाती-कमरेच्या मापांत कपड्यापुरता फारसा फरक नसतो. तरीही मुलींचे म्हणून विकले जाणारे शॉर्ट पुष्कळदा आखूड, टी-शर्ट कमरेत आवळलेले आणि खिसे नावापुरते शिवलेले असतात. फरक आहे तो काटाचा, म्हणून काटच लिहा: ‘सैल काट’, ‘कमरेला बसता’, ‘गुडघ्याच्या वर ४ सेंमी’, ‘दोन खिसे, खोली १२ सेंमी’. खिसा १० सेंमीपेक्षा उथळ असेल तर त्याची जाहिरात करू नका, त्यात हात मावत नाही. आणि ‘मुलामुलींसाठी’ म्हणून फक्त मुलग्यांच्या काटाचे राखाडी-निळे टी-शर्ट टांगले असतील तर टीकाकार बरोबर आहेत: असल्या तटस्थपणात मुलींनी मुलग्यांचे कपडे घालायचे असतात, उलट कधीच होत नाही. फुलाफुलांचा शर्ट आणि गुलाबी पायजमाही त्याच रांगेत टांगा. गुलाबी रंग मुलींचा हा काही सनातन नियम नाही. १९१८ साली अमेरिकेतलं कपडा व्यवसायाचं एक मासिक गुलाबी रंग मुलग्यांना सुचवत होतं.

मापासाठी वयापेक्षा उंची द्या. युरोपीय पद्धतीत ६ सेंमीच्या टप्प्याने ९२, ९८, १०४, ११०, ११६, १२२ अशी मापं येतात. ती लेबलावर असतील तर फ्लेक्सवरही ‘उंची ९२ ते १२२ सेंमी’ इतकं पुरे होतं. आपल्याकडच्या २०, २२, २४ या नुसत्या नंबरांवर विसंबू नका. दोन उत्पादकांचा २२ एकसारखा निघेलच असं नाही.

कौतुकाचे शब्द तपासायची एक जुनी युक्ती अजून उत्तम चालते. ओळ दोनदा मोठ्याने वाचा, एकदा बंड्यासाठी, एकदा चिंगीसाठी. ‘धीट’, ‘हुशार’, ‘गोड’, ‘खोडकर’ ही विशेषणं बदलत नाहीत, दोघांना लागतात. ‘नाजूक’ बंड्याला लावताना जीभ अडखळली तर तो शब्द कापडाला लावा, मुलाला नको. सगळ्यांत जास्त जपायचं ते चांगल्या हेतूने लिहिलेल्या ओळींना. ‘आमची मुलगी मुलापेक्षा कमी नाही’ यात मोजपट्टी मुलग्याचीच आहे. ‘मुलगी असूनही पहिली’ त्याहून वाईट. ‘टॉमबॉय लुक’ म्हणजे विजार घातली की मुलगी मुलग्यासारखी झाली. या तिन्ही ओळी खोडा आणि त्याजागी कपडा काय सोसतो ते लिहा: ‘गुडघ्यावर दुहेरी कापड. घसरगुंडी, चिखल, सायकल.’ ‘लिंगनिरपेक्ष वस्त्रप्रावरणे’ असं छापणाऱ्याला मात्र कोणी वाचवू शकत नाही. ‘युनिसेक्स’ हा शब्द लोकांना पार्लरच्या पाटीवरून माहीत आहे, बाळाच्या झबल्यावर तो विचित्र दिसतो. ‘ताईचं दादाला, दादाचं ताईला’ ही ओळ तेच सांगते आणि एक कपडा दोघांना पुरेल हा हिशोबही सुचवते.

मजकूर जमला की चित्राकडे बघा. शब्द तटस्थ आणि फोटोत मुलगी आरशापुढे, मुलगा फुटबॉलसह, असं असेल तर लोक फोटोच वाचतात. एकाच फ्लेक्सवर दोन मुलं घ्या, दोघांनाही काहीतरी करताना दाखवा, आणि निदान एका चित्रात मुलीचे हात खिशात असू द्या.

ऑनलाइन विकताना नियम थोडा वेगळा. लोक शोधताना ‘मुलींचा फ्रॉक ५ वर्षं’ असंच टाइप करतात. तो शब्द पूर्णच काढलात तर माल सापडणं अवघड. शीर्षकात वस्तू, काट, उंची लिहा. ‘मुलगी’ आणि ‘मुलगा’ दोन्ही शब्द वर्णनात किंवा टॅगमध्ये ठेवा. दुकानाचा माल गूगलवर दाखवण्यासाठी भरायच्या गूगल मर्चंट सेंटरच्या यादीत लिंगाच्या रकान्याला मेल, फीमेल आणि युनिसेक्स असे तीनच पर्याय आहेत, वयोगटाचा रकाना वेगळा. टी-शर्टाला युनिसेक्स आणि किड्स भरा, परकर-पोलक्याला फीमेल. सगळ्या मालाला सवयीने फीमेल भरलं की मुलग्याच्या आईला तो दिसेल याची खात्री राहत नाही.

नियमांचं थोडक्यात. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था ॲस्की हिने जून २०२२ मध्ये लिंगभावाच्या साचेबंद चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ब्रिटनमध्ये असा नियम १४ जून २०१९ पासून लागू आहे. दोन्हींमध्ये मुलीला फ्रॉकमध्ये दाखवायला मनाई नाही. अमुक गुण किंवा अमुक काम मुलींचंच असं ठसवण्याला आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्याच मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल न्यूनगंड निर्माण करणारी जाहिरात निषिद्ध आहे. ‘गोऱ्या परीला खुलणारा’, ‘बारीक दिसण्यासाठी’ या ओळी लहानांच्या कपड्यांवर त्यामुळेही नकोत. मुलगा-मुलगी न पाहता एक सामाईक विभाग ठेवायला लावणारा कॅलिफोर्नियाचा कायदा या वादात हटकून पुढे केला जातो. तो मोठ्या दुकानांमधल्या खेळण्यांच्या आणि बालसंगोपनाच्या वस्तूंच्या विभागांपुरता आहे, कपड्यांना लागू नाही.

फ्लेक्स लागल्यावर काउंटरवरचा पहिला प्रश्न बदलायला विसरू नका. ‘मुलगा की मुलगी?’ असं विचारलं की विक्रेता सवयीने डावीकडे किंवा उजवीकडे वळतो, आणि बाहेरचा मजकूर तिथेच संपतो. ‘उंची किती?’ विचारायला सांगा. पालकांना उंची बहुधा माहीत नसते, म्हणून दाराशेजारच्या भिंतीवर ८० ते १५० सेंमीची पट्टी चिकटवा. शून्य जमिनीला धरून मोजा, बाहेरच्या पायरीला नव्हे.