मालवणच्या पाण्यात प्रवाळ पाहताना शैवाल कसे ओळखावे

ठाण्याच्या खाडीत सूक्ष्म शैवाल विपुल असते, रोहित पक्षी त्यावर पोसले जातात. परंतु चिखलाचा तळ आणि गढूळ पाणी प्रवाळांना मानवत नाही. त्यामुळे ठाणेकरांनी मालवण गाठावे, तेही पावसाळा सरून पाणी निवळल्यावर.

पाण्यात उतरल्यावर प्रथम रंग पाहावा. निरोगी प्रवाळाचा तपकिरी किंवा हिरवट रंग बहुतांशी त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. हे शैवाल प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेले बरेचसे अन्न प्रवाळाला देते आणि बदल्यात आसरा, कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्ये घेते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी सुमारे १ अंश सेल्सिअसने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर ही भागीदारी मोडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. मात्र पांढरा म्हणजे मेलेलाच, असे समजू नये. जवळून निरखल्यास पारदर्शक ऊती व इवले स्पर्शक दिसत असतील, तर तो अजून जिवंत आहे. सांगाड्यावर मखमलीसारखी तपकिरी लव धरली असेल, तर तो भाग गेला आणि तंतुमय शैवालाने तेथे बस्तान मांडले, असे खुशाल समजावे.

दगडासारखा कडक गुलाबी थर दिसल्यास तो रोग नव्हे. ते चुना साठवणारे शैवाल असून सुटे तुकडे सांधते, आणि अनेक प्रवाळांच्या अळ्या त्यावर स्थिरावतात. सरगॅसमसारखे मोठे शैवाल माजले असेल, तर शैवाल चरणारे पोपटमासे कितपत दिसतात, हेही पाहावे.

मोडका तुकडाही उचलू नये. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे.