पोस्टग्रेसमध्ये गुप्त चावी फंक्शनच्या आत का ठेवू नये आणि मग कोठे ठेवावी

सांगलीतील हळदीच्या अडतीसाठी किंवा तासगावच्या बेदाणा शीतगृहासाठी पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसवर हिशेबप्रणाली उभारताना शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक कूटबद्ध करण्याचे ठरते आणि पुष्कळदा एन्क्रिप्शनची चावी स्टोअर्ड फंक्शनमध्येच, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये, लिहिली जाते. फंक्शनचा मजकूर पीजी_प्रॉक या सिस्टीम टेबलात साध्या अक्षरांत राहतो आणि डेटाबेसमध्ये लॉगिन असलेल्या कोणालाही तो वाचता येतो. फंक्शन चालवण्याचा अधिकार काढून घेतला, तरी वाचणे थांबत नाही. त्या टेबलातील मजकुराच्या कॉलमचा वाचनाधिकार काढता येतो, पण सर्वाधिकारी वापरकर्त्याला, म्हणजे सुपरयूजरला, अशी बंधने लागू नसतात आणि पीजी_डंप या साधनाने घेतलेल्या बॅकअपमध्ये तो मजकूर जसाच्या तसा उतरतो. म्हणून चावीच नव्हे, तर दर आकारणीचे सूत्रही खरोखर गुप्त ठेवायचे असेल, तर ते डेटाबेसबाहेर, अ‍ॅप्लिकेशनमध्ये ठेवावे.

चावी क्वेरीतून पाठवणे हाही उपाय नव्हे, कारण ती सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटू शकते. त्यापेक्षा चाव्यांची जोडी वापरावी: सार्वजनिक चावीने कूटबद्ध करायचे आणि खासगी चावीने उलगडायचे. काउंटरवर खाते क्रमांक फक्त नोंदवायचा असतो, तेव्हा पीजीक्रिप्टो या पोस्टग्रेसच्या कूटबद्धीकरणाच्या जोडभागातील पीजीपी_पब_एन्क्रिप्ट या फंक्शनला सार्वजनिक चावी पुरते. खासगी चावी, तिच्या पासफ्रेजसह (परवलीच्या वाक्यासह), पैसे वर्ग करणाऱ्या संगणकावरच असावी आणि उलगडाही तेथेच जीएनयूपीजी या कूटबद्धीकरणाच्या प्रोग्रामने करावा. डेटाबेसमध्ये उलगडा केल्यास खासगी चावी पुन्हा सर्व्हरच्या हाती जाते. जोडी जीएनयूपीजीने तयार करताना आरएसए हा चावीचा प्रकार मुद्दाम निवडावा, कारण जीएनयूपीजी २.३ पासून आपोआप निवडली जाणारी इलिप्टिक कर्व्ह चावी पीजीक्रिप्टोला चालत नाही. येथे अनेकांचा अर्धा दिवस जातो.

एकच खाते क्रमांक दोनदा कूटबद्ध केला, तर मजकूर दोन्ही वेळा वेगळा येतो, त्यामुळे त्यावर शोध घेता येत नाही. शोधासाठी अ‍ॅप्लिकेशनमध्ये, वेगळ्या चावीने काढलेला एचएमॅक (एका क्रमांकासाठी नेहमी एकच येणारा ठसा) दुसऱ्या कॉलमात ठेवावा. खाते क्रमांकांत अंकच असल्याने साधा हॅश, म्हणजे चावीशिवाय काढलेला ठसा, सर्व शक्यता तपासून फोडता येतो.

खासगी चावी हरवली, तर माहितीही गेली. २००५, २०१९ आणि २०२१ चे कृष्णेचे पूर पाहिलेल्या गावाला हे वेगळे सांगायला नको, तरी चावीची प्रत बॅकअपच्याच डिस्कवर असते. ती वेगळी, पूररेषेबाहेर, विट्याला किंवा जतला ठेवावी आणि तीच प्रत वापरून वर्षातून एकदा जुन्या बॅकअपमधील एखादा खाते क्रमांक उलगडून पाहावा.